पाटाएवढी ओल : ठाण्यातल्या एका जुन्या घराचं प्रकरण

खारकर आळीपासून चालत पाच मिनिटांवर एक कौलारू घर आहे. तळमजला, वर माळा, मागे छोटंसं परस. बांधकाम १९२०च्या दशकातलं. जोत्यापर्यंत, म्हणजे जमिनीवर उचललेल्या पायाच्या कडेपर्यंत, काळा दगड, त्यावर विटांची दीड फुटी भिंत, सगळं चुन्यात बांधलेलं. तुळया सागाच्या. २०१९च्या जुलैत त्या घरातल्या काकांचा मला फोन आला. पश्चिमेच्या खोलीतला रंग दर पावसाळ्यात सुटतो, दोनदा ‘वॉटरप्रूफ’ रंग दिला तरी पोपडे येतातच, आणि आता तर तुळईचं टोकही मऊ लागतंय. घर ठेवावं की पाडावं, ते एकदा बघून सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी आर्किटेक्ट आहे आणि जुन्या ठाण्यातल्या घरांच्या दुरुस्त्या हेच माझं बरंचसं काम. पारंपरिक बांधकामाचं ज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लेणी, देवळं, फार तर वाडे येतात. राहत्या घराच्या साध्या भिंतीत ते ज्ञान रोज काय काम करत असतं, ते काम थांबलं की काय होतं, आणि ते पुन्हा सुरू करताना माझ्याकडून काय चुकलं, हे या एका घरात मला जवळून बघता आलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या दिवशी मी भिंतीला हात लावला. ती गार आणि किंचित चिकट होती. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर रंग पुरीसारखा फुगला होता. एक फुगा बोटाने दाबला तर तो करकरत फुटला आणि आतून मिठासारखी पांढरी भुकटी खाली सांडली. याला जुने लोक लोणा म्हणतात. जमिनीतले आणि विटांतले क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढतात. पाणी जिथून हवेत उडून जातं तिथेच हे क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना विटेच्या बारीक छिद्रांना आतून रेटा देतात. वीट अशी कणाकणाने झडते. भिंत पाण्याने जेवढी खराब होते त्यापेक्षा जास्त या मिठाने होते.

काकांनी २००९मध्ये घराचं मोठं काम करून घेतलं होतं. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, त्यावर प्लॅस्टिक पेंट, जमिनीवर चकचकीत टाइल्स, परसात भिंतीला अगदी भिडवून पेव्हर ब्लॉक, आणि पश्चिमेची कौलं उतरवून त्या जागी पत्रा. जुनी वळचण, म्हणजे छपराची पुढे आलेली कड, भिंतीच्या बाहेर अडीच फूट यायची. पत्रा नऊ इंचांवर संपत होता. शिवाय समोरची गल्ली दर काही वर्षांनी नव्या थराने उंच होत गेलेली. काकांच्या आई, म्हणजे घरातल्या आजी, सांगतात त्याप्रमाणे ओट्यावर चढायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या. आता एकच उरली होती, बाकीच्या दोन रस्त्याखाली गेल्या.

काकांनी हे सगळं पदरमोड करून, चांगला माल वापरून, आईला त्रास होऊ नये म्हणून केलं होतं, हे आधीच सांगते. त्यातलं कुठलंही एक काम वेगळं काढून दाखवलं तर त्याला कुणी चूक म्हणणार नाही.

पेन्सिलीची रेघ

लगेच तोडफोड करायची नाही, असं मी ठरवलं. ओल नेमकी कुठून येते ते आधी कळायला हवं होतं. एका कोरड्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला. दोन दिवसांनी पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे दिसले. खोलीतल्या दमट हवेचं पाणी असतं तर ते बाहेरून जमलं असतं. पाणी भिंतीतूनच येत होतं.

मग ओल जिथवर चढली होती तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. दर महिन्याला एक रेघ मारायची. हे काम आजींनी आपण होऊन स्वतःकडे घेतलं. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या, पण दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता भिंतीशी स्टूल ओढून बसायच्या. जुलै २०१९ची रेघ दोन फूट दोन इंचांवर. सप्टेंबरची तीन फूट चार इंचांवर. मार्चमध्ये, म्हणजे भिंत खडखडीत वाळायला हवी त्या दिवसांत, रेघ दोन फूट दहा इंचांच्या खाली आलीच नाही. पावसाळ्यात प्यालेलं पाणी ही भिंत उन्हाळ्यात सोडत नव्हती.

रेघांबद्दल बोलता बोलताच आजी म्हणाल्या, “ओल तेव्हाही यायची, गं. पण पाटाएवढी. आम्ही पाटावर बसलो की पाठीला लागायची नाही.”

या वाक्याने मला मोजमाप मिळालं. हे घर कधीच पूर्ण कोरडं नव्हतं. ठाण्यात जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाडी हाकेच्या अंतरावर आहे. इथली जमीन चार महिने भिजलेलीच असते. बांधणाऱ्यांनी ओल थोपवली नव्हती. ती चार-पाच इंच चढेल आणि तिथूनच बाहेर पडेल, अशी सोय करून ठेवली होती.

त्यानंतर भिंतीवर एक चौरस फुटाची खिडकी उघडून पाहिली. सिमेंटचा गिलावा ठोकळ्यासारखा निघाला, कडक आणि वरून कोरडा. त्याच्या पाठीमागची वीट ओली किच्च होती आणि विटांच्या सांध्यांतला चुना नखाने निघत होता.

चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रं असतात. पाण्याची वाफ त्यातून ये-जा करते. सिमेंटचा गिलावा घट्ट, आणि वर प्लॅस्टिक पेंटचा पापुद्रा. खालून चढलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा मिळाली नाही की ते वाट शोधत वर सरकतं. टाइल्समुळे जमिनीतली वाफ खोलीच्या मधून निघेनाशी झाली, ती कडेला भिंतीकडे वळली. पूर्वी माजघरात सारवलेली जमीन होती, तिच्यातून ती सावकाश उडून जायची. परसातली माती पेव्हर ब्लॉकखाली गेली तसं तिथलं पाणीही भिंतीच्या पायाशी आलं. वळचण आखडल्यावर पागोळ्या पूर्वी जिथे भिंतीपासून अडीच फुटांवर पडायच्या, तिथे आता पेव्हरवर आपटून तेच पाणी भिंतीवर उडायला लागलं. जोतं रस्त्यात बुडालं ते वेगळंच.

मला या घराने शिकवलं ते हे : वळचण, जोतं, परसातली माती, सारवण, चुन्याचा गिलावा आणि दिवाळीआधीची सफेदी ही सहा निरनिराळी कामं नव्हती. एकाच पाण्याला दिलेल्या त्या सहा वाटा होत्या. सफेदीचंच घ्या. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या मध्ये कळीचा चुना फोडायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि कुंच्याने भिंती फासायच्या. आपण ती सणाची हौस समजतो. ती देखभाल होती. पावसाळ्यात पडलेल्या केसाएवढ्या भेगा त्या पातळ चुन्याने भरून निघत, आणि चुना मुळातच तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशीला थारा मिळत नसे. वर्षातून एकदा घराची तपासणी व्हावी म्हणून ती सणाला बांधून देणं, हे मला कुठल्याही शिल्पशास्त्राच्या सूत्राइतकंच मोलाचं वाटतं.

घाई

मधल्या काळात घराचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. जुन्या इमारतींचे वर्ग ठरलेले आहेत : सी-१ म्हणजे अतिधोकादायक, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. हे घर सी-२बीत बसलं. पश्चिमेकडच्या तीन तुळयांची टोकं कुजली होती, बाकी सांगाडा भक्कम. घर पाडायचा विषय तिथे संपला. २०२०चं वर्ष टाळेबंदीत गेलं.

२०२१च्या एप्रिलमध्ये काम सुरू झालं. निर्बंधांमुळे गवंडी घराच्या माळ्यावरच मुक्कामाला होते. त्यांचे मुख्य, वाईकडचे सत्तरीतले मामा, चुन्याच्या कामात मुरलेले. त्यांनी सांगितलं की आत्ता फक्त सिमेंट काढू, भिंत उघडी राहू दे, गिलावा दसऱ्यानंतर करू. मी ऐकलं नाही. उघडी भिंत पावसाळ्यात ठेवायची मला भीती वाटली. पश्चिमेच्या बाहेरच्या अंगाला मी मेच्या पहिल्या आठवड्यात गिलावा करवून घेतला. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं. दिवसभर वाऱ्याबरोबर आडवा पाऊस झोडपत होता. संध्याकाळी गिलाव्याचा मोठा भाग पांढऱ्या चिखलासारखा परसात वाहून आला होता.

दोष वादळाचा मानला तर सोपं, पण तो गिलावा साध्या पावसातही टिकला नसता. चुना कसा घट्ट होतो हे मला माहीत होतं, तरी मी ते मनावर घेतलं नव्हतं. चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंशांवर भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो उकळतो, फुटतो, विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड. ही परतीची वाट संथ आहे. गिलाव्याच्या आतल्या थरापर्यंत पोचायला महिने जातात, आणि तेवढा वेळ गिलावा किंचित ओलसर राहावा लागतो. मेच्या उन्हात माझा गिलावा नुसता वाळला, दगड झालाच नाही. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन काही तासांत आवळतं. इंग्लंडात १८२४मध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं गेलं, आपल्याकडे पोरबंदरला १९१४मध्ये ते तयार होऊ लागलं. एवढ्या शंभरेक वर्षांत बांधकामाचं सगळं वेळापत्रकच सिमेंटच्या चालीने बसलं. मीही त्याच वेळापत्रकात शिकले आणि चुन्याला ते लावायला गेले.

मामांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. त्यांनी नारळाच्या झावळ्या मागवल्या, दोघांना हाताशी घेऊन त्यांची झापं विणली आणि पश्चिमेच्या भिंतीवर बांबूच्या आधाराने बांधून टाकली. कोकणात झडीपासून भिंत वाचवायला हेच करतात. पाऊस झापांवरून ओघळतो, मागून वारा खेळत राहतो. ती भिंत अख्खा पावसाळा बिनगिलाव्याची होती, आणि सप्टेंबरअखेर आजींची रेघ अडीच फुटांवर आली. झाडून सगळं सिमेंट काढल्याचा हा परिणाम. अजून नवं काही लावलंही नव्हतं.

दसऱ्यानंतर

ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२, इतके दिवस खरं काम चाललं. परसात छोटा हौद बांधून कळीचा चुना विरवला आणि पाण्याखाली महिनाभर ठेवला. मी विचारलं, उकळी तर पहिल्याच दिवशी थांबली, मग एवढे दिवस कशाला? मामांनी हौदातून बोटभर चुना काढून अंगठ्याने चोळला. एक बारीक खडा हाताला लागला. “ही कणी जिवंत आहे, मॅडम. भिंतीत गेली की तिथं फुटंल आन् वर टवका उडवंल.” विरायची राहिलेली कणी महिन्यांनंतरही ओल मिळाली की फुलते आणि गिलाव्यावर देवीच्या व्रणासारखे खड्डे पाडते. ते खड्डे मी कितीतरी इमारतींत पाहिले होते. त्यांचं कारण मी रेतीत शोधत होते.

खालच्या तीन फुटांना एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग रेती. सुरखी म्हणजे विटांची भुकटी, त्यातही जरा कमी भाजलेल्या विटांची. ती चुन्याशी संयोग पावते आणि ओलीतही मालाला घट्टपणा येतो. जमिनीलगतच्या भागाला, हौदांना, टाक्यांना आपल्याकडे सुरखीचा चुना वापरत ते यासाठीच. वरच्या भागाला साधा चुना-रेती. रेती तीन पाण्यांनी धुतली, क्षारांची नवी भर नको म्हणून. चुना मळायला पूर्वी बैल जुंपून चाक फिरवत, त्याची जागा विजेवर फिरणाऱ्या चाकाने घेतली, त्याने माल बिघडला नाही. मामांची कसोटी एकच होती : थापीवर माल घ्यायचा आणि थापी उलटी धरायची. पडला तर परत चाकाखाली.

मालात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं. याबद्दल लोकांना फार कुतूहल असतं. फोनवर असे मजकूर फिरत असतात की अमुक फळाच्या गुपित मिश्रणाने वाडे शेकडो वर्षं टिकले. या मिश्रणांचा मान ठेवूनच मी सांगते की ती गुपितं नव्हती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाची, म्हणजे दगडासारख्या घट्ट लेपाची, कृती उघड लिहिलेली आहे : कच्ची टेंभुर्णी, कच्ची कवठं, काटेसावरीची फुलं वगैरे पाण्यात एक अष्टमांश उरेपर्यंत उकळायची आणि मग त्यात गुग्गुळासारखे डिंक-राळ घालायचे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं संशोधन २०१६मध्ये प्रसिद्ध झालं. गुळामागचं कारणही समजण्यासारखं आहे. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि माल लोण्यासारखा पसरतो. हीच साखर सिमेंटमध्ये थोडी जरी पडली तरी ते आवळायचं थांबतं. जे एकाला औषध ते दुसऱ्याला बाधक, म्हणून पाककृती उचलून भलत्या जागी वापरण्यात अर्थ नाही. याच घरात मी गूळ-हिरड्याचा उत्तम गिलावा केला असता आणि वळचण नऊ इंचच ठेवली असती, तर तो दोन पावसाळ्यांत गेला असता. खात्रीने सांगते.

म्हणून उरलेला खर्च भिंतीबाहेर केला. पश्चिमेचा पत्रा उतरवून पुन्हा मंगळुरी कौलं, अडीच फुटांची वळचण. ही कौलंही आपल्याकडे ‘पूर्वापार’ नाहीत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला १८६५मध्ये कारखाना काढला, त्यानंतर ती कोकणभर पसरली आणि नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली. पण उतार आणि वळचण जुन्या हिशेबाचीच राहिली, म्हणून ती इथे रुजली. परसात भिंतीलगतचे दोन फूट पेव्हर ब्लॉक काढून तिथे खडी भरली आणि पुढे उतार दिला. तुळयांची कुजलेली टोकं कापून सुताराने नवा साग जोडला, इंजिनिअरने लोखंडी पट्ट्यांचा हिशेब दिला. रंग म्हणून चुन्याची सफेदीच. त्यात आजींच्या आग्रहाने नीळ.

टाइल्स मात्र तशाच ठेवल्या. आजींना त्या वयात खोलीतून हलवणं शक्य नव्हतं, आणि सारवण रोजचं कोण करणार? मलाही तो हट्ट धरावासा वाटला नाही. फक्त भिंतीलगतची एक रांग काढून तिथे चुन्यावर शहाबादी फरशी बसवली. रस्त्याची उंची तर आमच्या हातात नव्हतीच.

काकांना हे सगळं पटायला वेळ लागला. जानेवारीत त्यांनी नव्या गिलाव्यावर हात फिरवला, पांढरी पूड तळहाताला लागली आणि त्यांचा चेहरा पडला. सिमेंटसारखा टणकपणा त्याला नव्हता. खालच्या पट्ट्यावर लोणा अजूनही येणार, तो सुकल्यावर मऊ केरसुणीने झाडायचा, आणि काही वर्षांनी तेवढाच पट्टा पुन्हा करावा लागेल, हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं. क्षार आता गिलाव्यात येऊन थांबतात, विटेत नाही. झिजायचं ते गिलाव्याने झिजायचं, तो त्यासाठीच असतो. काका म्हणाले, “म्हणजे दर थोड्या वर्षांनी खर्च.” हो, खर्च आहे. मामांसारखे हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत, म्हणून तो वाढतही जाणार. हे लपवून चुन्याची भलामण करणं मला पटत नाही.

रेघा पुढे अशा गेल्या : सप्टेंबर २०२२ला एक फूट नऊ इंच. सप्टेंबर २०२३ला एक फूट एक इंच. त्यापुढच्या वर्षी अकरा इंच. पाटाची उंची अजून गाठलेली नाही, पण मार्चमध्ये भिंत हाताला कोरडी लागते. जुन्या रेघांवरून सफेदीचा हात गेला तरी त्या फिकट दिसतात. आजींनी त्या पुसू दिल्या नाहीत.

उत्तरेचा कोपरा मात्र सुटलेला नाही. तिथली भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे, आणि त्या बाजूला आजही सिमेंट, प्लॅस्टिक पेंट आणि भिंतीला टेकलेली मोरी आहे. आमच्या बाजूने काहीही केलं तरी तिथली रेघ दोन फुटांखाली येत नाही. अशा वेळी मला नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत आठवते. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ या काळात तिथे सात घरांचे पुंजके आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती मांडले, उतरती छपरं दिली, साध्या गवंड्याला जमेल असं बांधकाम ठेवलं, आणि घरांच्या भिंती एकमेकांत अडकवल्या नाहीत, ज्याला हवं तसं त्याने आपलं घर वाढवावं म्हणून. पुढे तिथली पुष्कळ घरं पाडून नव्याने बांधली गेली. पण एकाच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्याची परवानगी लागू नये, हा अंगणाभोवतीच्या वस्तीत घातलेला विचार किती मोलाचा आहे, ते मला या कोपऱ्याने पटवलं.

शेजारच्या वहिनींना मी दोनदा भेटले. त्यांनी आजींची भिंत येऊन पाहिली, हात लावला, रेघा वाचल्या. मोरी हलवायची त्यांची तयारी आहे, गिलावा काढायची अजून नाही. दसऱ्यानंतर मोरीपासून सुरुवात करायची, असं ठरलं आहे. त्या बाजूला पहिली रेघ मी परवाच मारून आले, दोन फूट पाच इंचांवर.